मिल कामगारांचा सत्कार: यादीत कोण बसतं, याची पार्श्वभूमी

हिंगणघाट, पुलगाव, अचलपूर, बडनेरा. या गावांत जुन्या मिल कामगारांचा सत्कार करायचं कुणी मनावर घेतलं, की शाल-श्रीफळाची सोय होते, सभागृह मिळतं, पाहुणेही तयार असतात. गाडी अडते ती यादीपाशी. निवृत्त कामगार कोणाला म्हणायचं? वरवर सोपा वाटणारा हा प्रश्न मिटवायला गेलं की थेट १९७४ सालापर्यंत मागं जावं लागतं.

त्याआधीचा इतिहास या भागात बहुतेकांना पाठ आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं वऱ्हाडच्या कापसाला भाव आला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. हिंगणघाटची रुई लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्याच नावानं ओळखली जाई. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि शतक संपायच्या आत हिंगणघाट, पुलगावलाही भोंगे वाजू लागले. वारशाच्या गप्पा सहसा इथंच रेंगाळतात: धुराडं, दगडी इमारत, शेठजींचा वाडा. त्या इमारतीत तीन पाळ्यांत राबलेल्या माणसांची पाळी मग उरलेल्या दहा मिनिटांत येते.

१ एप्रिल १९७४ पासून देशातल्या १०३ आजारी गिरण्या कायद्यानं सरकारकडे गेल्या. त्यांत अकोल्याच्या दोन, हिंगणघाटची एक आणि अचलपूरची विदर्भ मिल होती. पुलगावची मात्र खासगीच राहिली. त्यामुळे एकाच जिल्ह्यात, काही कोसांच्या अंतरावर, सारखंच काम करणाऱ्या कामगारांचे दोन वर्ग पडले. एकाचा मालक दिल्लीत, दुसऱ्याचा शेठ. पुढं मिली बंद पडल्या तेव्हा पैसा, कागदपत्रं आणि दाद मागायची जागा, तिन्ही या फरकावर ठरलं. सत्काराच्या यादीतही तोच फरक उतरतो, कारण सरकारी मिलच्या कामगाराकडे दाखवायला निदान एखादा हुकूम तरी असतो.

खरा तिढा बदली कामगारांचा. पहाटे फाटकाशी उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत, नाहीतर सायकल घराकडे. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात बदली कामगाराची व्याख्या होती आणि तिच्यातच सुटकेची वाटही होती: सलग वर्षभर सेवा झाली की, म्हणजे वर्षात २४० दिवस भरले की, ले-ऑफच्या, म्हणजे काम नसताना तात्पुरतं घरी बसवल्याच्या, भरपाईपुरता तो बदली राहत नसे. पण २४० भरू द्यायचे की नाही, हे हजेरी घेणाऱ्याच्या हातात. दोनशे-सव्वादोनशेवर आलेल्याला काही दिवस फाटकाबाहेर ठेवलं की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. पंधरा-पंधरा वर्षं साच्यावर काढलेली माणसं अशी कागदावर कधी कायम झालीच नाहीत. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग सेवा लागते, १९९५ च्या पेन्शन योजनेला दहा वर्षांची. दोन्हीकडून ती सुटली. आणि आता सत्काराला पुरावा म्हणून पेन्शनचा कागदच मागितला, तर तिथूनही सुटणार. हा निकष सोयीचा आहे, न्यायाचा नाही.

रीलिंग-वाइंडिंगच्या, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या खात्यांतल्या, बायांचंही तसंच. १९४८ च्या कारखाना कायद्यानं बायांना संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवायला बंदी केली. हेतू संरक्षणाचा होता, पण तीन पाळ्यांच्या मिलला रातपाळी न करणारी बाई परवडेनाशी झाली आणि त्यांच्या जागा हळूहळू पुरुषांकडे गेल्या. म्हणून आज हयात असलेल्यांची यादी केली, की पुरुषच पुरुष दिसतात.

कुणी म्हणेल, मुंबईसारखी एक तारीख धरा आणि मोकळे व्हा. मुंबईत गिरणी कामगारांच्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ ही तारीख धरली गेली. त्या दिवशी वा त्यानंतर पटावर असलेला तो पात्र. पण ती योजना मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनींवर उभी होती आणि तारखेमागे १८ जानेवारीला सुरू झालेला संप होता. विदर्भात तशी एक तारीख नाहीच. इथल्या मिली एका दणक्यात बंद पडल्या नाहीत. आधी एक पाळी गेली, मग एक खातं, मग वीज.

२००२ नंतर सरकारी गिरण्यांत सुधारित स्वेच्छानिवृत्ती आली. देशभरात ६० हजारांवर कामगार तिच्यातून बाहेर पडले. पैसा प्रामुख्यानं गिरण्यांच्याच जमिनी विकून उभा करायचा होता. स्वेच्छा कितपत होती, हे ज्यांनी सह्या केल्या त्यांना विचारावं. मिल बंद होणार हे तेव्हा सगळ्यांना दिसत होतं. चाळिशी-पंचेचाळिशीत हाती एकरकमी पैसा आला. कुणी ऑटो घेतला, कुणी पोरीचं लग्न उरकलं, कुणी गावाकडची दोन एकर सोडवली. ही माणसं निवृत्त म्हणायची का? साठीपर्यंत त्यांनी दुसरीच कामं केली. माझ्या मते म्हणायची, आणि आधी म्हणायची.

कायम असलेल्यांची पेन्शन तरी किती? १ सप्टेंबर २०१४ पासून किमान एक हजार रुपये. त्यातही पन्नाशीतच चालू करून घेतलेल्यांची रक्कम वयाच्या हिशेबानं कापलेली. किमान साडेसात हजारांची मागणी घेऊन निघणाऱ्या मोर्च्यांत विदर्भातले म्हातारे मोठ्या संख्येनं दिसतात, ते यामुळंच. सत्काराच्या व्यासपीठावर हा विषय काढू नका, असं आयोजक हळूच सुचवतात. कामगार काढतातच.

अचलपूरला गोष्ट आणखी गुंतली. जुनी मिल गेली आणि पुढं मुंबईच्या फिनले मिलच्या नावानं नवी सरकारी गिरणी तिथं उभी राहिली. गावाला वाटलं, दिवस फिरले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि नंतर काही काळ कामगार अर्ध्या पगारावर बसून राहिले. अचलपूरची यादी करणाऱ्यांपुढं त्यामुळं एकाच घरातले दोघं असू शकतात: बापानं स्वेच्छानिवृत्तीवर सही केलेली, आणि पोराला ना कामावर बोलावलेलं, ना कामावरून काढलेलं.