फिट्झगेराल्ड आणि मॅकेन: दोन टकरी, दोन वेगळी कारणे

२०१७ साली अमेरिकी नौदलाच्या सातव्या आरमारातील दोन विनाशिकांची सुमारे नऊ आठवड्यांच्या अंतराने व्यापारी जहाजांशी टक्कर झाली. १७ जूनला जपानच्या किनाऱ्याजवळ ‘यूएसएस फिट्झगेराल्ड’ आणि ‘एसीएक्स क्रिस्टल’ हे कंटेनरवाहू जहाज एकमेकांवर आदळून ७ नौसैनिक मृत्युमुखी पडले, तर २१ ऑगस्टला सिंगापूरच्या सामुद्रधुनीत ‘यूएसएस जॉन एस. मॅकेन’ आणि ‘अल्निक एमसी’ या टँकरच्या टकरीत १० जणांचा बळी गेला. वर्ष तेच, आरमार तेच, दोन्ही विनाशिका एकाच वर्गाच्या आणि दोन्ही वेळा अंधार. त्यामुळे या घटनांचा उल्लेख नेहमी एका दमात होतो आणि एकीचे कारण सहज दुसरीला चिकटवले जाते. प्रत्यक्षात फिट्झगेराल्ड पूर्णपणे ताब्यात होती, पण जवळ येणाऱ्या जहाजाकडे वेळीच लक्ष गेले नाही. मॅकेनवरून मात्र आजूबाजूची जहाजे दिसत होती, पण नौकेवरचा ताबाच सुटला होता.

फिट्झगेराल्डची टक्कर रात्री दीडच्या सुमारास झाली. समुद्र शांत होता, नौकेचा वेग सुमारे २० नॉट (ताशी सुमारे ३७ किलोमीटर) होता आणि तिच्या उजव्या बाजूने तीन व्यापारी जहाजे जवळ येत होती. समुद्रावरील टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, दोन यांत्रिक जहाजांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील तर ज्याच्या उजवीकडे दुसरे जहाज आहे त्याने वाट द्यायची असते, म्हणजे येथे ती जबाबदारी फिट्झगेराल्डची होती. तरीही ब्रिजवरचा (नौका चालवण्याच्या कक्षातला) टेहळ्या फक्त डाव्या बाजूला नेमलेला होता, रडार परिस्थितीला साजेसे लावलेले नव्हते, आणि कॅप्टनच्या स्थायी आदेशानुसार त्यांना बोलावणे आवश्यक असतानाही पहाऱ्यावरील अधिकाऱ्याने त्यांना केबिनमधून उठवले नाही. धोका लक्षात आला तेव्हा आधी एका दिशेला वळण्याचा हुकूम सुटला, मग तो मागे घेऊन वेग वाढवत डावीकडे वळण्याचा दुसरा हुकूम दिला गेला. क्रिस्टलच्या पाण्याखालच्या फुगीर नाळेने (पुढच्या टोकाने) विनाशिकेच्या उजव्या कुशीला भगदाड पाडले, आणि ३५ जण झोपलेल्या खालच्या कक्षात एका मिनिटाच्या आत पाणी भरले. त्यांपैकी २८ जण बाहेर पडू शकले.

दोष एकट्या युद्धनौकेवर टाकणे मात्र बरोबर होणार नाही. क्रिस्टलवरील पहाऱ्यालाही विनाशिका फार उशिरा जाणवली आणि टक्कर टाळण्यासाठी त्यांनी वेळेत हालचाल केली नाही. शिवाय फिट्झगेराल्ड स्वतःची ओळख आणि स्थान आपोआप कळवणारी एआयएस यंत्रणा प्रसारित करत नव्हती. युद्धनौकांची ती तेव्हाची रीतच होती.

मॅकेनच्या बाबतीत यातले जवळपास काहीच लागू होत नाही. पहाटे सव्वापाचनंतरची वेळ होती, कॅप्टन स्वतः ब्रिजवर हजर होते. सुकाणूवरच्या नाविकाला दिशा आणि वेग दोन्ही सांभाळताना ओढाताण होते आहे हे पाहून, वेगाचे नियंत्रण शेजारच्या दुसऱ्या नाविकाकडे द्यावे, असा हुकूम त्यांनी दिला. विनाशिकेवर टचस्क्रीनची नवी एकत्रित यंत्रणा होती. तिच्यावर हे हस्तांतर करताना वेगाबरोबर सुकाणूचाही ताबा नकळत शेजारच्या नियंत्रण-टेबलाकडे गेला. पहिल्या नाविकाच्या हाताला सुकाणू दाद देईना, म्हणून ते निकामी झाल्याचा इशारा त्याने दिला. वास्तविक ते चालू होते, फक्त दुसऱ्या जागी गेले होते. मग वेग कमी करण्याचा आदेश आला, पण नौकेला पुढे ढकलणाऱ्या दोन्ही पंख्यांची नियंत्रणे पडद्यावर जोडलेली नसल्यामुळे फक्त डावीकडचा पंखा मंदावला आणि उजवा पूर्वीच्याच जोराने फिरत राहिला. साहजिकच नौका डावीकडे, थेट टँकरच्या वाटेत वळली, आणि चूक उमगून ताबा परत मिळाला तेव्हा टक्कर होण्यास काही सेकंदच उरले होते. त्या पहाटे ब्रिजवर दुसऱ्या नौकेवरून तात्पुरते आलेले नाविकही होते, ज्यांना या यंत्रणेचे पुरेसे प्रशिक्षण मिळालेले नव्हते. हे सर्व तीन-चार मिनिटांत घडले, म्हणून कोणा एका नाविकाच्या बोटावर सारा ठपका ठेवणे मला अन्यायाचे वाटते. इतक्या गर्दीच्या जलमार्गात ज्या पडद्यावर ताबा कोणाकडे आहे हे झटकन उमगत नाही, तो पडदा तेवढाच जबाबदार धरायला हवा.

मॅकेननंतर सायबर हल्ल्याची चर्चा बरीच रंगली, पण तपासात त्याचा पुरावा सापडला नाही. दोन्ही घटनांत खरोखर समान असलेली गोष्ट अधिक साधी आणि अधिक गंभीर आहे: अपुरी झोप आणि तालमीसाठी वेळ न सोडणारा मोहिमांचा ताण. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण संस्थेच्या पाहणीनुसार, जपानमध्ये तळ असलेल्या क्रूझर आणि विनाशिकांच्या कर्मचाऱ्यांची ३७ टक्के युद्धसज्जता प्रमाणपत्रे जून २०१७ मध्ये मुदत संपलेली होती.

यानंतर झालेल्या उपायांतही दोन कारणांचा वेगळेपणा दिसतो. गर्दीच्या पाण्यात एआयएस प्रसारित करण्याचा निर्णय फिट्झगेराल्डसारख्या प्रसंगी उपयोगी पडतो, कारण दुसऱ्या जहाजाला युद्धनौका वेळेत दिसते. सुकाणू हरवलेल्या मॅकेनला त्याने वाचवले नसते. २०१९ मध्ये नौदलाने या वर्गाच्या विनाशिकांवर वेगनियंत्रणाचे टचस्क्रीन काढून हाताने ढकलण्याचे दांडे पुन्हा बसवण्याचे ठरवले. हा उपाय मॅकेनच्या अनुभवातून आला, आणि उजव्या बाजूला टेहळ्याच नसलेल्या ब्रिजला त्याचा काही उपयोग झाला नसता.