ओपन सोर्स सांभाळणाऱ्यांच्या पोटापाण्याचं काय? : पार्श्वभूमी

सॉफ्टवेअर मुक्त असावं, म्हणजे त्याचा कोड कुणालाही वाचता आणि बदलता यावा; ते फुकटच असावं, असं मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन कधीच म्हणाले नाहीत. एमआयटीतली नोकरी सोडल्यावर १९८५ मध्ये ते ईमॅक्स या आपल्या टेक्स्ट एडिटरची टेप १५० डॉलरला विकत होते. ज्याच्याकडे नेटवर्क होतं त्याने कोड तसाच उतरवून घ्यावा, नसेल त्याने पैसे पाठवून टेप मागवावी. १९८९ मध्ये सिग्नस ही कंपनी निघाली. नवनव्या प्रोसेसरवर जीसीसी हा कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राला कळेल असा करणारा प्रोग्रॅम) चालवून द्यायचा आणि त्या कामाचे पैसे घ्यायचे, हा तिचा धंदा. पुढे लिनक्सची सेवा विकणाऱ्या रेड हॅटने ती विकत घेतली आणि २०१९ मध्ये रेड हॅटसाठी आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजले. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे कंपन्यांचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअरही याच वाटेने चालतं : कोड खुला, होस्टिंग आणि सेवेचे पैसे.

ही वाट ज्यांचं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाला थेट दिसतं त्यांच्यासाठी ठीक आहे. खरी अडचण खालच्या थरातल्या लायब्ररींची, म्हणजे इतर सॉफ्टवेअर ज्यांच्यावर उभं राहतं त्या तयार कोडची. त्या सगळे वापरतात, पण त्यांचं बिल कुणाच्याच नावावर फाटत नाही.

७ एप्रिल २०१४ रोजी इंटरनेटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतली 'हार्टब्लीड' ही चूक जाहीर झाली, तेव्हा हे जगाला कळलं. बँकांपासून ईमेलपर्यंत सगळ्यांचे पासवर्ड या कोडच्या भरवशावर जात-येत होते. त्याच्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच, आणि वर्षाकाठी देणग्या जेमतेम २००० डॉलर. बातमी फुटल्यावर आठवडाभरात सुमारे ९००० डॉलर जमले. त्यातल्या बहुतेक देणग्या पाच-दहा डॉलरच्या, सामान्य माणसांनी पाठवलेल्या. हा तपशील माझ्या मनाला फार लागतो. ज्या कंपन्यांचे व्यवहार त्या कोडवर चालत होते, त्यांच्याआधी ही माणसं धावली. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने कंपन्यांना एकत्र आणून निधी उभारला : प्रत्येकीने वर्षाला एक लाख डॉलर, तीन वर्षं.

जर्मनीत वेर्नर कोख १९९७ पासून ईमेल कूटबद्ध करणारं जीएनयूपीजी जवळजवळ एकहाती सांभाळत होते. २०१३ मध्ये ते काम सोडण्याच्या बेतात होते. अमेरिकी सरकारची गुप्त पाळत उघड करणारं स्नोडेन प्रकरण बाहेर आलं आणि त्यांनी तो बेत सोडला. २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांची ओढाताण छापून आल्यावर फेसबुक आणि ऑनलाइन पेमेंट कंपनी स्ट्राइपने वर्षाला ५०-५० हजार डॉलर देऊ केले.

दर महिन्याला थोडं-थोडं देता यावं म्हणून २०१९ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने 'स्पॉन्सर्स' सुरू केलं. ते चांगलंच आहे, पण तिथे नाव असलेल्यांना मिळतं, मुकाट्याने बग सुधारत बसणाऱ्याला क्वचितच. त्याची किंमत २०२४ च्या मार्चमध्ये दिसली. एक्सझेड ही फाइलचा आकार लहान करणारी लायब्ररी सांभाळणाऱ्याने, हा माझा बिनपगारी छंद आहे, असं २०२२ मध्येच जाहीरपणे सांगितलं होतं. मदतनीस म्हणून विश्वास कमावलेल्या एका खोट्या नावाने तिच्यात चोरदरवाजा बसवला. सर्व्हरवर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने छडा लावला म्हणून तो सापडला.

देखभालीसाठी, अपघाताची वाट न पाहता पैसा देण्याचे प्रयत्न अलीकडचे आहेत. जर्मन सरकारचा सॉव्हरिन टेक फंड २०२२ चा. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंगळुरूच्या झिरोधाने वर्षाला १० लाख डॉलरचा फ्लॉस (मुक्त आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर) फंड जाहीर केला. त्यासाठी प्रकल्पाने आपल्या गरजा सांगणारी एक फाइल प्रसिद्ध करायची : कशासाठी, किती आणि कोणत्या मार्गाने पैसे हवेत.