चुकीचं चित्र, बरोबर जाळी

घड्याळाच्या डायलवर बसवलेली केसासारखी बारीक नक्षी दिसली, की कोल्हापुरात कारखान्यांच्या उद्यमनगरापासून सोनारांच्या गुजरीपर्यंत एकच उत्तर मिळतं : लेझरनं कापलीय. लेझर या शब्दाला असं काही वजन आलंय, की बारीक काम म्हटलं की दुसरं सुचतच नाही. पण ०.२ मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्यातून शंभर-सव्वाशे छिद्रांची जाळी काढायची, तर सगळ्यांत सुंदर काम करतो एक तपकिरी द्रव. घरी सर्किट बोर्ड बनवून पाहिलेल्या पोरांच्या शर्टावर ज्याचे डाग पडतात, तोच हा फेरिक क्लोराइड.

आधी बाकीच्या पद्धती. पितळ आणि चांदी लेझरचा बराचसा प्रकाश परत फेकतात, म्हणून ताकद वाढवावी लागते. ताकद वाढली की खालच्या कडेला वितळलेल्या धातूच्या गुठळ्या चिकटतात आणि बारीक पट्ट्या तापून वाकतात. अतिशय क्षणिक झोत मारणाऱ्या फेम्टोसेकंद लेझरमध्ये हा दोष जवळजवळ नसतो, पण ते यंत्र फारच महाग. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत वायरकट, म्हणजे तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणारं यंत्र, असतो. त्याची तार साधारण ०.२५ मिमीची, दोन्ही बाजूंना ठिणगीची जागा धरून चीर पडते ०.३० मिमीची. त्यामुळे आतला कोपरा ०.१५ मिमीपेक्षा तीक्ष्ण होत नाही. शिवाय प्रत्येक बंद छिद्रासाठी आधी ड्रिल मारून तार नव्यानं ओवायची, म्हणजे १२० छिद्रं तर १२० वेळा. वीस-तीस पत्रे एकत्र आवळून कापायला मात्र वायरकट उत्तम, आणि डाय-पंच, म्हणजे दाबून पत्रा कापणारे ठसे, बनवायला त्याला तोड नाही. डायचा खर्च हजारो नग असतील तरच निघतो. राहिली सोनाराची करवत. पत्र्याच्या जाडीत पात्याचे किमान दोन-तीन दात बसावे लागतात. ०.२ मिमीत ८/० नंबरच्या अगदी बारीक पात्याचाही एक पुरा दात बसत नाही, म्हणून पातं अडकतं आणि पत्रा फाटतो. तो जाड पट्टीवर चिकटवून कापला तर जमतं, पण वेळ फार जातो.

आता द्रवाचं काम. पितळी पत्रा तेलकटपणा काढून घासायचा, पूर्ण वाळवायचा आणि दोन्ही बाजूंना ड्राय फिल्म, म्हणजे प्रकाशानं घट्ट होणारा पातळ पापुद्रा, गरम रोलरनं चिकटवायची. कोल्हापूरच्या पावसाळ्यात वाळवण्याकडे दुर्लक्ष झालं, तर फिल्म पुढे हमखास सुटते. पिवळ्या उजेडात दोन्ही बाजूंना नक्षीची पारदर्शक फिल्म ठेवून अतिनील प्रकाश द्यायचा. ड्राय फिल्मचा प्रकाश लागलेला भाग घट्ट होतो, न लागलेला एक टक्का धुण्याच्या सोड्यात धुऊन जातो. उघडा पडलेला धातू ४५ ते ५० अंशांच्या फेरिक क्लोराइडच्या फवाऱ्यात खाल्ला जातो. उरलेली ड्राय फिल्म शेवटी कॉस्टिक सोड्यानं काढायची. उष्णतेचं वाकणं नाही, जोर नाही, कडेला बर (धातूची खरबरीत धार) नाही.

पण द्रव खाली जाताना बाजूलाही खातो, आणि या कामाची सगळी कला या एका गोष्टीत आहे. चांगल्या फवाऱ्यात खाली दोन भाग गेला, तर फिल्मखालून बाजूला साधारण एक भाग जातो. समजा, फट ०.२५ मिमीची हवी. एकाच बाजूनं ०.२ मिमी खाल्लं तर प्रत्येक कड ०.१ मिमी मागे सरकेल, म्हणजे चित्रात फट फक्त ०.०५ ठेवावी लागेल. ड्राय फिल्मचीच जाडी ०.०४ च्या आसपास असते, इतक्या चिंचोळ्या विहिरीत ताजा द्रव पोचतच नाही. दोन्ही बाजूंनी खाल्लं, तर प्रत्येक बाजूनं खोली ०.१, कड सरकते ०.०५. आता चित्रात फट ०.१५ ची, आणि ०.३० ची पट्टी ०.४० ची काढायची. चित्र मुद्दाम चुकीचं काढायचं, म्हणजे जाळी बरोबर निघते.

कोपऱ्यांचं गणित आणखी वेगळं. छिद्राच्या कोपऱ्यातून द्रव कंपासच्या कमानीसारखा पसरतो, म्हणून कोपरा गोल होतो. पाकळीचं टोक दोन्हीकडून खाल्लं जातं, म्हणून बोथट आणि आखूड होतं. उपाय असा : कोपऱ्याला बारीकशी खाच आणि टोकाला बारीकसा कान जोडायचा. फिल्मवर काढलेलं नक्षीतलं कमळ त्यामुळे कान फुटल्यासारखं बेढब दिसतं, पण पत्र्यात सुरेख उमटतं.

फवारा का, ट्रे का नाही? द्रवातला लोखंडाचा फेरिक आयन पितळातल्या तांब्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि फेरस होतो. तांब्यावर आधी क्युप्रस क्लोराइडचा थर बसतो, तो विरघळायला पुन्हा ताजा फेरिक लागतो. साचलेल्या द्रवात रुंद फटी आधी फुटतात, अरुंद मागे राहतात. दोन बाजू मधे भेटल्यावर भिंतीच्या मध्यावर एक धार उरते, ती जायला आणखी काही सेकंद द्यावे लागतात, आणि तेवढ्यात कडही सरकते. शिवाय तांबं साठत गेलं की द्रव मंदावतो. म्हणून कड सरकण्याचा ०.०५ हा आकडा पुस्तकातून उचलू नये. एका पट्टीवर ०.१० पासून ०.२० पर्यंतच्या फटी शेजारी-शेजारी काढून आधी चाचणी घ्यावी, मायक्रोस्कोपखाली मोजावं आणि मगच नक्षीची फिल्म काढावी.

हुपरीची चांदी वापरायची असेल, तर हा द्रव चालत नाही. चांदीवर न विरघळणारा सिल्व्हर क्लोराइड बसतो आणि काम तिथंच थांबतं. चांदीला फेरिक नायट्रेट लागतं.

तांब्याच्या पत्र्यावरची पूजेची ‘सिद्ध’ यंत्रं (मंत्रानं शक्ती आल्याचं सांगितलेल्या आकृत्या) हजारो रुपयांना विकली जातात, आणि त्या रेषांच्या बारकाव्याकडेच शक्तीचा पुरावा म्हणून बोट दाखवलं जातं. तशा रेषा ठशानं किंवा याच द्रवानं काही मिनिटांत उमटतात. त्यांत कारागिराचं कौशल्य आहे, आणि त्याला त्याचं श्रेय मिळायला हवं.

बिघडतं काय? वरची आणि खालची नक्षीची फिल्म ०.०३ मिमीनं सरकली, तरी फटीच्या भिंती तिरप्या होतात. म्हणून दोन्ही फिल्म खुणा जुळवून पाकिटासारख्या चिकटवाव्यात आणि दहापट भिंगातून तपासाव्यात. पत्र्यावर बोटाचा ठसा राहिला तिथं ड्राय फिल्म उचलली जाते आणि कड कुरतडली जाते. नक्षी पत्र्याला धरून ठेवणारे टॅब विसरले, तर सुटा झालेला तुकडा टाकीत पडून विरघळतो. टॅब बाहेरच्या कडेला, अंकांच्या रिंगखाली झाकले जातील तिथं द्यावेत. टाकी प्लास्टिकची हवी, स्टेनलेसला हा द्रव भोकं पाडतो. आणि ०.२ मिमीची जाळी डायलवर बसली की तासकाटा घासू शकतो, म्हणून घड्याळाचं मशीन निवडतानाच मधला दांडा उंच असलेलं घ्यावं.

थकलेला द्रव जयंती नाल्यात सोडायचा नाही, तो नाला पंचगंगेला मिळतो आणि तांबं थोडं असलं तरी माशांना मारतं. लेथवरचा लोखंडी चुरा त्यात टाकला, की लोखंड विरघळतं आणि तांबं लालसर भुकटी होऊन बाहेर पडतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून हे उघड्यावर आणि आगीपासून लांब करायचं. मग चुना घालून गाळ बसू द्यायचा, आणि तो गाळ घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्यायचा.