बेटचा वकील: थिओडोर सेजविकच्या करिअरची पार्श्वभूमी

थिओडोर सेजविक हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं, आणि अमेरिकेतसुद्धा त्याची ओळख करून देतात ती पदांच्या यादीने, वकील, मॅसॅच्युसेट्सचा आमदार, मग खासदार, सिनेटर, स्पीकर आणि शेवटी राज्याच्या सर्वोच्च कोर्टाचा जज. मला मात्र हा माणूस कळला तो बेट नावाच्या एका गुलाम बाईच्या स्वातंत्र्यासाठी त्याने 1781 मध्ये लढलेल्या केसमुळे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

सेजविक 1746 चा, कनेक्टिकटमधला. येल कॉलेजात गेला पण डिग्री न घेताच बाहेर पडला, मग वकिलीचं शिक्षण घेतलं आणि विशीतच मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला, बर्कशायर भागात प्रॅक्टिस सुरू केली. तिथे शेफिल्ड गावात जॉन अ‍ॅशली नावाचा बडा जमीनदार होता, आणि तो तिथल्या दिवाणी कोर्टाचा जजही होता. जानेवारी 1773 मध्ये ब्रिटिश धोरणाविरुद्ध गावाने एक ठराव केला, त्याच्या कमिटीचा प्रमुख अ‍ॅशली आणि लिखापढी करणारा तरुण सेजविक, आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की निसर्गतः सगळी माणसं समान, मुक्त आणि एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. हे लिहिणाऱ्या अ‍ॅशलीच्या घरात त्याच वेळी गुलाम राबत होते! त्यातलीच एक ही बेट.

पुढे 1780 मध्ये मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना आली आणि तिच्या पहिल्याच कलमात सगळी माणसं जन्मतः मुक्त आणि समान आहेत असं आलं. बेटला लिहितावाचता येत नव्हतं पण कान होते, घरात आणि गावात काय बोलतात ते ती ऐकत होती. सेजविकच्या मुलीने, कॅथरीनने, नंतर लिहून ठेवलंय की अ‍ॅशलीच्या बायकोने रागाच्या भरात चुलीतलं तापलेलं फावडं एका मुलीवर उगारलं, बेट मध्ये पडली आणि घाव तिच्या दंडावर बसला, तो व्रण तिने आयुष्यभर झाकला नाही. बेट घर सोडून निघाली ती थेट सेजविककडे.

आता सेजविकने काय केलं बघा. दयेची याचना नाही केली, त्याने बेट आणि ब्रॉम नावाच्या दुसऱ्या गुलामाच्या वतीने दावा लावला, आणि तोही असा की बेकायदा अडकवून ठेवलेली मालमत्ता सोडवायला जो हुकूम कोर्टातून काढतात तोच हुकूम माणसांसाठी मागितला, म्हणजे अ‍ॅशलीला सिद्ध करावं लागेल की यांच्यावर त्याचा हक्क आहेच. अ‍ॅशली म्हणाला हे माझे जन्मभराचे नोकर. ऑगस्ट 1781 मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ज्युरीने बेट आणि ब्रॉमच्या बाजूने निकाल दिला, वर 30 शिलिंग भरपाई. अ‍ॅशलीने अपील केलं आणि मग स्वतःच मागे घेतलं. घटनेतलं वाक्य कोर्टात चालवून दाखवलं की ते खरं होतं, माझ्या मते सेजविकचं सगळ्यात मोठं काम हेच. बेटने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं, आणि अ‍ॅशलीने पगार देतो परत ये म्हटलं तरी गेली नाही, सेजविककडेच पगारी कामाला राहिली.

पण हाच माणूस 1786-87 मध्ये शेज बंडाच्या वेळी कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या ठाम विरोधात होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढून आलेली ही माणसं, डोक्यावर कर्ज आणि कर, जमिनी जप्त होतायत, म्हणून ते कोर्टच बंद पाडत होते. मला त्यांचं दुःख खरं वाटतं, सेजविकला त्यात फक्त कायद्यावरचा हल्ला दिसला. फेब्रुवारी 1787 मध्ये बंडखोरांनी स्टॉकब्रिजमधलं त्याचं घर लुटलं, तो तिथे नव्हता, चांदीची भांडी वाचवली ती फ्रीमनने, स्वतःच्या पेटीत लपवून.

बाकी राजकारण थोडक्यात. 1789 पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्याच संसदेत, पक्का फेडरलिस्ट (मजबूत केंद्र सरकार हवं असलेल्या पक्षाचा), 1796 ला सिनेट, 1799 ला कनिष्ठ सभागृहाचा स्पीकर. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत थॉमस जेफरसन आणि अ‍ॅरन बर यांची मतं सारखी पडली तेव्हा निवड करायला फेब्रुवारी 1801 मध्ये सभागृहात 36 वेळा मतदान झालं आणि खुर्चीवर सेजविक होता, त्याला बर हवा होता, निवडून आला जेफरसन.

1802 पासून मरेपर्यंत तो जज होता. 1810 मध्ये गुलामांच्या व्यापारातल्या एका कराराची केस आली, बाकीच्या जजांनी करार जिथे झाला तिथे वैध होता म्हणून पैसे वसूल करायला परवानगी दिली, सेजविकने वेगळं मत लिहिलं की इतक्या अनैतिक कराराला कोर्टाने हातभार लावू नये. ते मत हरलं. जानेवारी 1813 मध्ये तो गेला. फ्रीमन त्याच्यानंतर सोळा वर्षं जगली, आणि 1829 मध्ये ती वारली तेव्हा स्टॉकब्रिजमध्ये सेजविक घराण्याच्या कबरी गोलाकार मांडलेल्या आहेत, तिथेच त्यांच्यामध्ये तिला पुरलं.