मोटरहोम दुरुस्तीला आणताना इंजिन धुऊन आणू नका

जुन्या ट्रॅव्हलरवर किंवा मिनीबसवर बांधलेली मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, आमच्या गॅरेजमध्ये आली, की मालकांचा प्रश्न ठरलेला : "नुसतं बघायला एवढा वेळ का?" कारण बरेचजण आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरला जाऊन प्रेशरने इंजिन धुऊन घेतात. मेकॅनिकचे हात खराब होऊ नयेत ही भावना चांगली आहे, पण लिकेजचा माग त्या पाण्याबरोबर निघून जातो.

ऑइल झिरपतं तिथे धूळ चिकटून काळा थर बसतो. वॉटर पंपाखाली किंवा होजच्या क्लिपपाशी कुलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) वाळून पापडी धरते. या खुणा जागेवर असल्या, तर बॉनेट उघडताच कुठे हात घालायचा ते कळतं. धुतलेल्या इंजिनावर सगळंच चकचकीत. मग गाडी फिरवून पुन्हा गळती दिसायची वाट बघत बसावं लागतं. शिवाय डायनामोत आणि वायरिंगच्या कपलरमध्ये पाणी शिरलं, की एकाचे दोन बिघाड होतात.

त्याऐवजी रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाका आणि चाकं कुठे होती त्याची पेनाने खूण करा. सकाळी पुठ्ठाच घेऊन या, नाहीतर फोटो पाठवा. सिंकच्या टाकीचं किंवा एसीचं साधं पाणी असेल तर डाग वाळून जातो, ऑइल-डिझेलचा राहतो. बऱ्याचदा पुठ्ठा बघून फोनवरच सांगता येतं, घाई आहे की नाही.

रेडिएटरची जाळी मात्र जरूर धुवा. इंजिन थंड असताना, साध्या पाइपने. मंगळवेढ्याकडे ज्वारीची काढणी चालली असताना गाडी फिरली, की एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत भुसकट अडकतं. बाहेरून दिसत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तुळजापूरच्या घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढतो.

काटा लालमध्ये गेला तर गाडी बाजूला घ्या, एसी बंद करा, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताच उसळून अंगावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, चिरू शकतं. बाटल्या ओतत ओतत गॅरेज गाठण्यापेक्षा टोइंग करा. हेड काढून लेथवर पाठवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. थर्मोस्टॅट वॉल (तापमानानुसार कुलंटची वाट उघडणारा वॉल) "काढून टाका" असं कुणी सुचवलं तरी काढू देऊ नका, आणि रोज बोअरचं पाणी भरू नका. क्षार साचून रेडिएटर आतून बुजतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट आमच्याकडे मिळतं, भरूनही देतो.

सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक होत असेल, तर आधी बॅटरीचे टर्मिनल साफ करून घट्ट करा. तरीही तेच, आणि आतला पंखा, फ्रीज इंजिनच्याच बॅटरीवर असेल, तर दुसरी बॅटरी आणि दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा आयसोलेटर बसवून घ्या. हे काम आम्ही करतो.

गाडी रात्रभर ठेवून घेतो, त्यावर काहींची नाराजी असते. पण बारीक गळती गरम इंजिनावर पडताच वाळते. सकाळी थंड इंजिनावर प्रेशर टेस्टर (कुलंटवर दाब देऊन गळती शोधणारं साधन) लावला, की थेंब दिसतो. त्या रात्रीचे पैसे घेत नाही. तेव्हा संध्याकाळी गाडी सोडा, आतलं सामान आणि गॅसची टाकी काढून घ्या, आणि इंजिन आहे तसं असू द्या.