नितळ पाण्यातला अमोनिया

दुकानातून आणलेला मासा तिसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगला की साधारणपणे दोन निष्कर्ष निघतात. मासा जातीचाच नाजूक होता, नाहीतर दुकानदारानं आजारी मासा गळ्यात मारला. घरावरचं संकट माशानं स्वतःवर घेतलं, असं समाधान करून घेणारेही भेटतात. माशानं स्वतःवर घेतलेला असतो तो अमोनिया. त्याचा ग्रहदशेशी संबंध नाही. संबंध आहे तो दुकानातल्या टाकीशी आणि त्या टाकीतून घरच्या टाकीत येण्यात गेलेल्या तासाभराशी.

दुकानांबद्दलची नेहमीची तक्रार गर्दीची असते. एवढ्याशा टाकीत दोनशे मासे बघून वाईट वाटतं, पण नुसत्या गर्दीनं मासे मरत नाहीत. विक्रीचा मासा तिथं आठवडा-दोन आठवडे राहतो, त्याला कायमच्या टाकीइतकी जागा नसली तरी भागतं. खरा प्रश्न हा, की दोनशे माशांचा मैला पचवण्याची ताकद त्या फिल्टरमध्ये आहे का? याचं उत्तर काचेतून दिसत नाही, कारण अमोनिया रंगहीन असतो आणि पाण्यात पूर्ण विरघळतो. पाणी आरशासारखं नितळ असूनही विषारी असू शकतं.

आपलं शरीर प्रथिनांमधलं टाकाऊ नत्र युरियात बदलून लघवीवाटे बाहेर टाकतं. बहुतेक मासे एवढा खटाटोप करत नाहीत. ते अमोनिया तसाच, मुख्यतः कल्ल्यांमधून, पाण्यात सोडतात. तळाची विष्ठा नळीनं ओढून काढली की टाकी स्वच्छ झाली, हा समज म्हणूनच अपुरा आहे. हिशेब करायचा तर खाद्यापासून करावा. ४० टक्के प्रथिनं असलेलं १ ग्रॅम खाद्य माशांनी खाल्लं, की त्यातलं साधारण ३५ ते ४० मिलिग्रॅम नत्र अमोनियाच्या रूपात पाण्यात येतं. १०० लिटरच्या टाकीत रोज ५ ग्रॅम खाद्य पडत असेल आणि फिल्टर काहीच करत नसेल, तर दिवसाला लिटरमागे जवळपास २ मिलिग्रॅमची भर पडते. काही दुकानांतल्या माशांची पोटं खपाटीला गेलेली दिसतात, त्यामागे हेच गणित असतं. कमी खाऊ घातलं की अमोनिया कमी.

फिल्टरमधला स्पंज कचरा अडवतो, पण ते त्याचं दुय्यम काम. त्याच्या छिद्राछिद्रांत जिवाणूंचा थर वाढतो. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं बऱ्याच कमी विषारी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. दुसऱ्या कामाचं श्रेय पुस्तकांनी बरीच वर्षं नायट्रोबॅक्टर या जिवाणूला दिलं. टाक्यांमध्ये ते काम प्रामुख्यानं नायट्रोस्पायरा करतो, हे १९९०च्या दशकात कळलं. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्यानं करणारे नायट्रोस्पायराही सापडले. या सगळ्यांची अडचण एकच, त्यांची वाढ संथ असते. आतड्यातला ई. कोलाय पोषक वातावरणात २० मिनिटांत दुप्पट होतो. यांना चांगल्या परिस्थितीतही दिवसाच्या आसपास लागतो. नवा फिल्टर तयार व्हायला ४ ते ६ आठवडे जातात ते यामुळे.

आता दुकानाचं वेळापत्रक बघा. टाकीतले मासे विकले जातात, टाकी आठवडाभर रिकामी राहते, जिवाणूंची उपासमार होते. मग माल येतो आणि एका सकाळी त्याच टाकीत दीडशे टेट्रा मासे पडतात. वीस माशांपुरता उरलेला जिवाणूंचा थर दीडशे माशांना पुरा पडेपर्यंत काही दिवस जातात. रिकाम्या टाकीतही मोजून अमोनियम क्लोराइड घालून फिल्टर जागता ठेवणारे दुकानदार आहेत, आणि त्यांच्याकडे फरक दिसतो. उलट स्पंज नळाखाली खळखळून धुणारा दुकानदार क्लोरीननं स्वतःच्याच फिल्टरवर बोळा फिरवत असतो. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

इथून पुढचा भाग थोडा किचकट आहे, पण सगळी मेख त्यातच आहे.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक मुक्त अमोनिया (NH₃), दुसरा हायड्रोजनचा आयन चिकटून झालेला अमोनियम (NH₄⁺). मुक्त अमोनियावर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सहज आरपार जातो. अमोनियमवर भार असतो, त्याला तो पडदा सहजासहजी ओलांडता येत नाही. म्हणून विषारी मुख्यतः पहिला. कुठलं रूप किती, हे ठरवतो पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी याचं माप). २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.६ टक्के मुक्त असतो. सामू ८ झाला की ५ टक्क्यांच्या वर, ८.५ ला साधारण १५ टक्के. पाणी तपासायचं टेस्ट किट बहुधा दोन्हींची बेरीज दाखवतं. त्यामुळे किटवरचा १ हा आकडा सामू ७ च्या पाण्यात तसा सुसह्य, तर सामू ८ च्या पाण्यात तोच कल्ले जाळणारा. मुक्त अमोनिया लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास राहिला तरी दीर्घकाळात इजा होते. सामू न मोजता नुसता अमोनिया मोजणं म्हणजे अर्धीच मोजणी.

अमोनियाचं नायट्रेट करताना जिवाणू पाण्यातली क्षारता, म्हणजे सामू घसरू न देणारे क्षार, खातात, १ मिलिग्रॅम नत्रामागे (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) ७ मिलिग्रॅमच्या थोडी वर. गर्दीच्या टाकीत पाणी क्वचितच बदललं, तर क्षारता संपते आणि सामू घसरतो. तो ६ च्या जवळ आला की जिवाणूंचं काम जवळपास थंडावतं आणि अमोनिया साचू लागतो. पण सामू कमी असल्यामुळे तो बहुतेक सगळा अमोनियमच्या रूपात असतो, म्हणून मासे जगतात. मग कुणाला तरी टाकीची दया येते आणि अर्धं पाणी एकदम बदललं जातं. ताज्या पाण्याचा सामू ७.८. टाकीतला एकूण अमोनिया निम्मा झाला, पण मुक्त अमोनियाचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं. संध्याकाळपर्यंत मासे पृष्ठभागाशी तोंडं काढून धापा टाकतात आणि ‘पाणी बदललं की मासे मरतात’ ही समजूत आणखी पक्की होते. अशा टाकीचं पाणी रोज १० टक्के असं बेतानं बदलावं लागतं.

दूरवरून आलेल्या बंद पिशवीत हाच खेळ अधिक वेगानं होतो. माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पिशवीत कोंडतो, सामू घसरतो. समजा, पिशवीत लिटरमागे ८ मिलिग्रॅम अमोनिया साठलाय आणि सामू ६.३ आहे. मुक्त अमोनिया भरतो फक्त ०.००९ मिलिग्रॅम. पिशवी उघडली, कार्बन डायऑक्साइड उडाला, वर टाकीतलं पाणी थेंबथेंब सोडून सामू ७.८ पर्यंत नेला. पाणी मिसळून एकूण अमोनिया निम्म्यावर आला असं धरलं तरी मुक्त अमोनिया ०.१३ च्या पुढे जातो, म्हणजे जवळजवळ १५ पट. हळूहळू सवय लावण्यासाठी तासभर चाललेला थेंबांचा उपचार माशाला तासभर विषात बसवतो.

त्यावर साधा नियम असा. बंद पिशवी १५ ते २० मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. टाकीचा दिवा बंद असू द्या. पिशवी उघडून त्यातल्या पाण्याचा अमोनिया लगेच मोजा. तो शून्याच्या जवळ असेल तर अर्ध्या तासात टाकीतलं थोडं थोडं पाणी पिशवीत मिसळत जा. आकडा दिसला तर मिसळत बसू नका. बादलीवर जाळी धरून पिशवी ओता आणि मासा थेट टाकीत सोडा. दोन्ही बाबतीत पिशवीतलं पाणी टाकीत जाता कामा नये.

पेल्यात ठेवून विकल्या जाणाऱ्या बेटा नावाच्या माशाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथं फसव्या युक्तिवादाचा कळस आहे. बेटाच्या कल्ल्यांवरच्या पोकळीत लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो आणि त्यामुळे तो वरची हवा घेऊ शकतो. शिवाय तो मूळचा उथळ पाण्यातला. म्हणून पेलाभर पाणी त्याला पुरतं, असं सांगितलं जातं. पण मूळ ठिकाणचं पाणी उथळ असलं तरी विस्तीर्ण आणि वनस्पतींनी भरलेलं असतं. शिवाय लॅबिरिंथनं प्राणवायूची सोय होते, अमोनियाची नाही. पाव लिटरच्या पेल्यात फिल्टर नसतो, हीटर नसतो. पेला जितका लहान, तितक्या लवकर पाणी बिघडतं. पेल्याच्या तळाशी आडवा पडलेला बेटा शांत स्वभावाचा नसतो.

बऱ्याच दुकानांत सगळ्या टाक्यांना मिळून एकच मोठा फिल्टर असतो. पाण्याची गुणवत्ता त्यानं सुधारते, अमोनियाचे झटके बोथट होतात. पण एका टाकीतला रोग पन्नास टाक्यांत पोचतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा परजीवी माशाच्या त्वचेखाली वाढतो, तिथं औषध पोचत नाही. मग तो गळून तळाशी बसतो, त्याच्या कवचात शेकडो पिल्लं तयार होतात आणि ती नवा मासा शोधत पोहू लागतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या अवस्थेवर. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार दोन आठवड्यांपर्यंत चालू ठेवावा लागतो. ‘एका रात्रीत ठिपके गायब’ असं बाटलीवर छापलेलं असेल तर ती खुशाल शेल्फवर राहू द्यावी. पाण्याच्या वाटेवर अतिनील दिवा बसवला असेल तर चांगलं. तोही नसेल आणि एकच ओली जाळी सगळ्या टाक्यांत फिरत असेल, तर निरोगी दिसणाऱ्या टाकीतला मासाही घेऊ नये.

मासा निवडताना रंगाआधी कल्ल्यांची झाकणं बघावीत. शेजारच्या माशांपेक्षा उघडझाप भरभर होत असेल, पर अंगाला चिकटलेले असतील, मासा दगडावर अंग घासत असेल किंवा पोट आत गेलेलं असेल, तर तो सोडून द्यावा. पाण्यात पुरेशी हवा असूनही सगळेच धापा टाकत असतील तर नायट्राइटची शंका घ्यावी. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतो, रक्त तपकिरी पडतं आणि मासा हवेशीर पाण्यातही गुदमरतो. नायट्राइट आणि क्लोराइड कल्ल्यांतून एकाच वाटेनं आत शिरतात, त्यामुळे १० लिटरला १ ग्रॅम साधं मीठ घातलं तरी नायट्राइटची बरीचशी वाट अडते.

घरी आणलेला मासा ३ ते ४ आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. ४० लिटर पाणी, उघडा तळ, लपायला प्लॅस्टिकच्या पाइपचे दोन तुकडे, हीटर आणि वेगळी जाळी एवढं पुरतं. या टाकीचा स्पंज फिल्टर आधीचे ६ आठवडे मुख्य टाकीत चालवून ठेवलेला असावा. पहिल्या दिवशी खायला देऊ नये. पहिला आठवडाभर रोज अमोनिया आणि सामू मोजावा, आणि किटचा रंग जरा जरी हिरवट झाला तरी त्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं पाणी घेऊन पाव टाकी बदलावी.