चमचाकृमी: नावं बदलली, घराणंही बदललं

चमचाकृमी म्हणजे चमच्यासारखी सोंड असलेली समुद्री कृमी. मुंबईच्या किनाऱ्यावरची अशी एक चमचाकृमी 1929 साली नवी जाती म्हणून नोंदली गेली. बैनी प्रशाद आणि पी. आर. आवटी यांनी तिचं नाव ठेवलं ‘थॅलॅसिमा बॉम्बेयेन्सिस’. आज ती ‘ऑकिटोस्टोमा बॉम्बेयेन्से’ आहे. थॅलॅसिमा या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, नावाच्या पहिल्या शब्दात) पूर्वी बऱ्याच निरनिराळ्या कृमी घातल्या गेल्या होत्या. पुढे शरीरभित्तीतले स्नायू बारकाईने पाहिले जाऊ लागले. लांबीच्या दिशेने जाणारे स्नायू सलग थरात असतील तर थॅलॅसिमा, त्यांचे वेगवेगळे पट्टे असतील तर ऑकिटोस्टोमा, असा फरक ठरला. प्रजाती बदलली म्हणून प्रशाद आणि आवटी ही नावं आता जातीच्या नावापुढे कंसात लिहिली जातात. मूळ वर्णनाचं श्रेय मात्र त्यांचंच राहतं, आणि ही पद्धत मला फार न्याय्य वाटते.

या गटाचं घराणंही असंच हलत राहिलं. पीटर सायमन पल्लास याने 1766 साली पहिली चमचाकृमी वर्णिली, ती गांडुळांच्या ‘लुंब्रिकस’ प्रजातीत. 1847 साली कात्रफाज याने चमचाकृमी, शेंगदाणाकृमी वगैरेंचा ‘जेफिरिया’ हा एकत्र गट केला. वलयी प्राणी (गांडुळासारखे, वलयांच्या शरीराचे) आणि समुद्रकाकड्या यांना जोडणारा हा दुवा आहे, अशी त्याची कल्पना होती. ती टिकली नाही. शरीरावर वलयं दिसत नाहीत या कारणावरून 1940 साली न्यूबी याने चमचाकृमींना स्वतंत्र संघ, म्हणजे प्राण्यांच्या वर्गीकरणातला एक मोठा गट, दिला. स्टीफन आणि एडमंड्स यांच्या 1972च्या ग्रंथातही तो स्वतंत्रच आहे. 1997 साली डॅमह्निट मॅकह्यू यांच्या जनुकीय अभ्यासाने त्यांना पुन्हा वलयी प्राण्यांत आणलं. 2002 साली वाढत्या अळ्यांच्या चेतासंस्थेत खंडांची, म्हणजे वलयांसारख्या भागांची, पुनरावृत्तीही दिसली. म्हणजे यांच्या पूर्वजांना वलयं होती, ती पुढे लोपली.

जातीच्या पातळीवर काम अजून किचकट आहे. चमच्यासारखी सोंड पकडताना सहज तुटते, अल्कोहोलमध्ये शरीर आक्रसतं, रंग उडतो. मग ओळख पटवायला शरीर उघडावं लागतं: स्नायूंचे पट्टे किती, वृक्ककांच्या (उत्सर्जनाच्या नळीसारख्या अवयवांच्या) जोड्या किती, त्यांच्या तोंडाचे ओठ लांब आणि पिळदार आहेत का. बोनेलिया या चमचाकृमींच्या प्रजातीत आणखी एक अडचण. भूमध्य समुद्रातल्या हिरव्या मादीची सोंड मीटरभर ताणली जाते, तर नर काही मिलिमीटरचा आणि मादीच्याच अंगात राहणारा. सुरुवातीला त्याला परजीवी समजलं गेलं होतं.

जगभरात सुमारे 200 जाती नोंदल्या आहेत. त्यांतल्या कित्येक मोजक्या, बाटलीतल्या नमुन्यांवर उभ्या आहेत. माझ्या मते नव्या वर्णनासोबत जिवंत प्राण्याचं रंगीत छायाचित्र आणि डीएनए दोन्ही हवेतच. जुन्या जातींसाठी तर मूळ ठिकाणीच पुन्हा जाऊन ताजे नमुने घ्यायला हवेत, आणि बॉम्बेयेन्सेच्या बाबतीत ते ठिकाण म्हणजे मुंबईचा किनारा.